संविधानाच्या खांबापाशी दोघे भाऊ

अमेरिकेत मुलीकडे सहा महिने राहून आलेल्या माणसाला नागपुरात सगळ्यात आधी नायगाराबद्दल विचारतात. मग त्या मोठमोठ्या पाळण्यांच्या बागांबद्दल. मी यातलं काहीच पाहिलं नाही. मी एक खांब पाहून आले. असं सांगितलं की लोक मुलीचं सगळं ठीक आहे ना, असं हळूच विचारतात. शेजारच्या वानखेडे बाईंनी तर खांब आपल्याकडे कमी आहेत का, असंही विचारून घेतलं. त्यामुळे एकदा काय ते सविस्तर लिहून ठेवते.

कॅरी

माझी मुलगी प्रज्ञा नॉर्थ कॅरोलिनातल्या कॅरी या गावात राहते. गाव म्हणायचं ते सवयीने. गावाला जे जे लागतं, म्हणजे पार, पानठेला आणि रिकामी बसलेली माणसं, त्यातलं इथे काही नाही. इथली माणसं गाडीत बसून ऑफिसला जातात, गाडीत बसून किराणा आणतात, आणि दिवसभर चालणं होत नाही म्हणून संध्याकाळी गाडीत बसून जिमला जातात. रस्त्याने पायी जाणारा कोणी दिसलाच तर तो एक तर कुत्र्याचा मालक असतो, नाही तर कोणाचे तरी भारतातून आलेले आईवडील.

मी रोज सकाळी चालायला जायची, तेव्हा या दोन्हींत न बसणारे एक गृहस्थ मला भेटले. वय पंच्याऐंशी, हातात काठी, डोक्यावर चपटी टोपी. प्रज्ञापासून दोन घरं सोडून एकटेच राहायचे. मूळचे स्पेनचे, नाव रामोन. प्रज्ञाच्या घरी सगळे त्यांना रामोन काका म्हणत, म्हणून मीही म्हणू लागले. त्यांचं इंग्रजी माझ्याइतकंच सावकाश होतं, त्यामुळे आमचं छान जमलं.

मी काय करत होते, असं त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं. बत्तीस वर्षं शाळेत इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवलं, मी सांगितलं. नागरिकशास्त्र म्हणजे आपल्याकडे इतिहासाच्या पुस्तकाला मागून जोडलेलं शेपूट. मुलं ते ऑप्शनला टाकतात आणि मोठी झाली की देशही तसाच चालवतात. पण रामोन काका रस्त्यात थांबले आणि त्यांनी टोपी काढली. त्यांचे वडीलही मास्तर होते. वर्गात संविधान शिकवलं म्हणून त्यांची नोकरी गेली होती. त्या दिवसापासून ते मला 'प्रोफेसोरा' म्हणायला लागले. बत्तीस वर्षांत शिक्षणखात्याने जे दिलं नाही ते या माणसाने एका सकाळी देऊन टाकलं.

आमच्या घरी बुद्धमूर्तीच्या बाजूला संविधानाची प्रत ठेवलेली असते, असं मी त्यांना सांगितलं. तुमच्याकडे आजवर किती संविधानं झाली, असं त्यांनी विचारलं. एकच, मी म्हटलं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं आपण एकाच घरात जन्मून तिथेच म्हाताऱ्या झालेल्या माणसाकडे पाहतो.

मग रोज सकाळी दोन फेऱ्यांत स्पेनचा इतिहास सुरू झाला. तो थोडक्यात सांगते, कारण विस्ताराने सांगितला तर खोटा वाटेल.

दोनशे वर्षांपूर्वी फ्रान्सच्या सम्राटाने स्पेनच्या राजाला नेऊन अडकवून ठेवलं आणि गादीवर स्वतःचा भाऊ बसवला. राजा घरी नाही असं पाहून काडीस नावाच्या बंदरात काही लोक जमले आणि त्यांनी संविधान लिहिलं. सत्ता राजाची नाही, राष्ट्राची, असं त्यात म्हटलं. आणि हे सगळं अडकलेल्या राजाच्याच नावाने लिहिलं, हा त्यांचा भाबडेपणा. राजा सुटून आला आणि त्याने पहिलं काम केलं ते संविधान रद्द करण्याचं. सहा वर्षांनी सैन्य बिथरलं तेव्हा तेच संविधान त्याने डोक्यावर घेतलं. तीन वर्षांनी पुन्हा फेकलं. पुढे त्याच्या मुलीला लोकांनी हाकललं. पण राजाशिवाय करमेना, म्हणून इटलीहून एक मागवला. तो दोन वर्षं राहिला आणि हे आपल्याच्याने होणार नाही म्हणून निघून गेला. मग प्रजासत्ताक आलं. त्यात वर्षभरात चार राष्ट्राध्यक्ष झाले. मग हाकललेल्या राणीचा मुलगा राजा झाला, मग त्याचा मुलगा. त्या मुलाच्या काळात एक सेनापती हुकूमशहा झाला, पुढे राजाच देश सोडून गेला आणि दुसरं प्रजासत्ताक आलं. त्यात काकांचे वडील मास्तर झाले. पाच वर्षांनी सैन्यातल्या काहींनी बंड केलं, तीन वर्षं भाऊ भावाशी लढला, आणि त्यानंतर छत्तीस वर्षं एकच माणूस. त्या माणसाने स्पेन हे राज्य आहे असा कायदा केला, पण राजा काही नेमला नाही. राजा नसलेलं राज्य, आणि राजा सापडेपर्यंत ते सांभाळायला हा.

यावर मी त्यांना प्रज्ञाच्या मराठी मंडळाबद्दल सांगितलं. तिथे नऊ वर्षं एकच अध्यक्ष आहेत. दर वर्षी ते नको म्हणतात, दर वर्षी त्यांना आग्रह होतो, आणि आग्रह करणारी समिती त्यांनीच नेमलेली असते. काकांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि सैन्य कोणाच्या बाजूला आहे, असं विचारलं. स्वयंपाकाची समिती अध्यक्षांच्या बाजूला आहे, मी म्हटलं. मग काही होणार नाही, ते म्हणाले.

त्या खांबाचं नाव मी पहिल्यांदा ऐकलं ते या फेऱ्यांमध्येच. काडीसचं संविधान आलं तेव्हा फ्लोरिडा स्पेनच्या ताब्यात होतं. स्पेनच्या सगळ्या मुलखात संविधानाची स्मारकं उभारा असा हुकूम निघाला, तसा सेंट ऑगस्टीन या गावानेही चौकात एक खांब उभा केला. पुढच्याच वर्षी राजा परत आला आणि ती सगळी स्मारकं पाडा असा हुकूम निघाला. सेंट ऑगस्टीनच्या लोकांनी खांबावरची पाटी काढली आणि खांब तसाच ठेवला. पुढे पाटीही परत बसवली. तो खांब अजून उभा आहे. पन्नास वर्षांच्या आसपास अमेरिकेत काढूनही रामोन काकांनी तो पाहिला नव्हता.

आणि मग ऑक्टोबरात त्यांच्या पुतणीचा फोन आला.

त्यांना आन्द्रेस नावाचा धाकटा भाऊ होता, हे मला तेव्हा कळलं. तो मुलीबरोबर फ्लोरिडात टँपाला राहत होता आणि आता कायमचा स्पेनला परत चालला होता. आईवडिलांना पुरलं त्या गावात त्याला मरायचं होतं. जाण्याआधी एकदा भेटा, हवं तर मध्ये सेंट ऑगस्टीनला, पुतणी म्हणाली. काका नाही म्हणाले.

का, ते त्यांनी मला तीन फेऱ्यांत सांगितलं. नोकरी गेल्यावर वडिलांनी फोटोंना चौकटी बसवण्याचं दुकान काढलं. ज्या शाळेतून त्यांना काढलं, त्याच शाळेच्या भिंतींसाठी हुकूमशहाचे फोटो ते चौकटीत बसवून देत. पुढे दुकान दोघा भावांकडे आलं. रामोन प्रजासत्ताकवाला, आन्द्रेस राजाचा माणूस. राजा आला म्हणजे हे सगळं थांबेल, असं आन्द्रेसला वाटे. पंच्याहत्तर साली हुकूमशहा मेला आणि त्यानेच निवडून ठेवलेला राजा गादीवर आला. लगेच गावातल्या सगळ्या शाळांसाठी आणि कचेऱ्यांसाठी नव्या राजाच्या फोटोंची ऑर्डर आली. आन्द्रेसने ती घेतली. रामोनने गिऱ्हाइकांच्या देखत काउंटरवरचा एक तयार फोटो हातोडीने फोडला, त्याच दुपारी बस धरली आणि सीमा ओलांडून फ्रान्सला गेला. तिथून अमेरिका. स्पेनमध्ये राजा आहे तोवर पाय ठेवणार नाही, अशी शपथ घेतली. भावाची पत्रं न फोडता परत पाठवली. आई गेली तेव्हाही गेले नाहीत.

"आणि माझ्या भावाने राजाचे फोटो विकून दुकानावर मजला चढवला असेल," ते म्हणाले.

मी त्यांना काही समजावलं नाही. तुमची पुतणी सेंट ऑगस्टीनला भेटायचं म्हणते आहे, एवढंच म्हटलं. त्यांनी दोन दिवस घेतले आणि तह करावा तसा होकार दिला. भेट खांबापाशीच होईल. आधी मिठी मारणार नाही. अर्ध्या तासापेक्षा जास्त थांबणार नाही. प्रज्ञाने लाँग वीकेंडला आधी बुक केलेलं सगळं कॅन्सल केलं. जावई कामासाठी दुसऱ्या राज्यात गेले होते, त्यामुळे विरोध करायलाही कोणी नव्हतं.

दक्षिणेकडे

प्रज्ञा आयटीतली, त्यामुळे प्रवासाचीही एक्सेल शीट होती. कुठे पेट्रोल, कुठे कॉफी, दर दोन तासांनी काकांचे पाय मोकळे करायचे, सगळं त्यात होतं. फक्त शेंगांचं नव्हतं. साउथ कॅरोलिनात एका पेट्रोल पंपाबाहेर एक माणूस मोठ्या पातेल्यातून उकडलेल्या भुईमुगाच्या शेंगा विकत होता. साडेपाच महिन्यांत पहिल्यांदा मला अमेरिका ओळखीची वाटली. मी दोन पुडे घेतले. त्या माणसाने मोकळेपणाने विचारलं, कुठल्या तुम्ही, आणि तुमच्याकडचे लोक हल्ली आमच्या देशाबद्दल काय म्हणतात?

प्रश्न माझ्या विषयातला होता. मी घसा साफ केला. इतक्यात प्रज्ञा मध्ये आली आणि म्हणाली की त्यांना इथलं वेदर खूप आवडतं.

गाडीत बसल्यावर ती मला हळू आवाजात म्हणाली, "आई, प्लीज. बाहेर पॉलिटिक्सवर बोलायचं नाही. आमची ग्रीन कार्डची फाइल पेंडिंग आहे, तू व्हिजिटर आहेस. आपण फक्त शेंगा घ्यायला आलो होतो."

तिचंही खरं होतं. पोरगी बारा वर्षं इथे कर भरते आणि इथे तिला मत नाही. नागपुरात मत आहे, पण ते द्यायला जाण्याइतकी सुट्टी नाही. दोन सर्वांत मोठ्या लोकशाह्यांच्या मध्ये ती चांगल्या घरात राहते आणि वेदरवर बोलते.

मागच्या सीटवरून रामोन काकांनी आम्ही काय बोललो ते विचारलं. मी सांगितलं. ते म्हणाले, त्यांची आई रोज सकाळी दारात उभी राहून हेच सांगायची. दुकानात, पावाच्या रांगेत, चर्चमध्ये फक्त हवेबद्दल बोलायचं. मी म्हटलं, पण ती हुकूमशाही होती. काका शेंगा सोलत राहिले. प्रज्ञाने गाणी लावली.

सेंट ऑगस्टीन: किल्ला

या गावाइतकं जुनं युरोपीय माणसांचं गाव अमेरिकेत दुसरं नाही, असं इथली प्रत्येक पाटी सांगते. आइसक्रीमच्या दुकानाची पाटीसुद्धा. समुद्राच्या काठी स्पॅनिश लोकांनी बांधलेला किल्ला आहे. त्याचा दगड शिंपल्यांचा चुरा आपोआप घट्ट होऊन बनलेला. तोफेचा गोळा आदळला तरी तो फुटत नाही, गोळाच आत रुतून बसतो. सरकारी कचेरीत तक्रारअर्ज रुततो तसा. लढाई करून हा किल्ला कोणालाच घेता आला नाही. तरीही तो स्पेनकडून इंग्रजांकडे, इंग्रजांकडून परत स्पेनकडे आणि मग अमेरिकेकडे गेला. दर वेळी कुठल्या तरी दूरच्या शहरात टेबलावर सह्या झाल्या आणि इथे झेंडा बदलला. आतल्या शिपायांना बहुधा झेंडा पाहूनच कळत असावं, आज आपण कोणाचे.

दुपारी तटावर तोफ उडवून दाखवतात. जुन्या स्पॅनिश शिपायांचा वेश केलेले पाच-सहा हौशी लोक होते. त्यांचा प्रमुख ओहायोतला निवृत्त दातांचा डॉक्टर आहे, असं मला शेजारच्या बाईने सांगितलं. त्याने तलवार उपसली आणि स्पॅनिशमध्ये राजाचा जयजयकार केला. बाकीच्यांनी तो उचलला. तेवढ्यात माझ्या शेजारून, पंच्याऐंशी वर्षांच्या छातीतून यावा असा वाटत नाही इतका मोठा आवाज आला: प्रजासत्ताकाचा विजय असो.

सगळी पलटण थांबली. हा कार्यक्रमाचाच भाग आहे का, हे कोणाला कळेना. बघ्यांनी टाळ्या वाजवल्या. प्रज्ञाने डोळे मिटून घेतले. तिला बहुधा ग्रीन कार्डची फाइल दिसत होती. मग तो दातांचा डॉक्टर आमच्याकडे आला, टोपी काढली आणि अत्यंत अदबीने म्हणाला, "सर, आमच्या कार्यक्रमात अजून अठरावं शतक चालू आहे. प्रजासत्ताक यायला वेळ आहे."

रामोन काकांनी त्याची माफी मागितली आणि आपण थांबायला तयार आहोत असं सांगितलं. मग तोफ उडाली.

जेवायला एका लहानशा हॉटेलात गेलो. तिथे शिंपल्यांचं सूप मिळतं आणि त्यात इथलीच एक पिवळी मिरची घालतात. अमेरिकेत 'स्पायसी' लिहिलेलं सगळं खाऊन मी आजवर फसले होते. हे सूप तोंडात घातलं आणि डोळ्यांतून पाणी आलं. वाढणारी बाई घाबरून पाणी घेऊन धावली. मी तिला अजून एक वाटी मागितली.

काका मात्र जेवले नाहीत. उद्या अकरा वाजता, असं ते दोनदा म्हणाले.

चौक

चौकाचं नावच संविधान चौक आहे. मधोमध पांढरा, वर निमुळता होत गेलेला खांब. तीन पुरुष उंचीपेक्षा जास्त. वडाच्या जातीची वाटावीत अशी पसरलेली झाडं, बाकडी, आणि सावलीला बसून काहीबाही खाणारे पर्यटक. मी खांबाजवळ जाऊन पाटी पाहिली. अक्षरं स्पॅनिश, पण संविधान हा शब्द ओळखता आला. तिथे हात ठेवून मी थोडा वेळ उभी राहिले. खांब पाडायचा हुकूम आला तेव्हा या गावातल्या काही माणसांनी तो हुकूम वाचला असेल, एकमेकांकडे पाहिलं असेल, आणि आज फक्त पाटी काढू असं ठरवलं असेल. बंड नाही, लढाई नाही. नुसती कामचुकारी. माझ्या बत्तीस वर्षांच्या नोकरीत मी कामचुकारीला नावंच ठेवत आले. तिचा असाही उपयोग होतो हे मला कोणी शिकवलं नव्हतं.

एका कुटुंबाने मला फोटो काढून द्यायला सांगितला. हे कशाचं आहे, असं त्यातल्या आईने विचारलं. मी सांगितलं. ओह, नाइस, ती म्हणाली.

अकराला आन्द्रेस आले. फ्लोरिडाच्या उकाड्यात कोट आणि टाय, हातात चाकांचा वॉकर, आणि वॉकरच्या टोपलीत एक डबा. त्यांची मुलगी त्यांना सोडून गाडी लावायला गेली आणि शहाणी असल्यामुळे तासभर परतली नाही. प्रज्ञाही कॉफीच्या निमित्ताने सटकली. खांबाच्या एका बाजूला हा भाऊ, दुसऱ्या बाजूला तो. आधी मिठी मारायची नाही ही अट बहुधा दोघांचीही होती. शेवटी मी वर्गात वापरायचे त्या आवाजात दोघांनाही बसायला सांगितलं. दोघेही बसले. मध्ये मी.

डब्यात बटाट्याचं जाड ऑम्लेट होतं, त्यांच्याकडे घरोघरी करतात ते. रामोन काकांनी एक घास खाल्ला आणि पन्नास वर्षांनी भावाशी पहिलं वाक्य बोलले: यात कांदा नाही.

पुढची दहा मिनिटं स्पॅनिशमध्ये भांडण झालं. मला कळावं म्हणून रामोन काका आन्द्रेसचं बोलणं इंग्रजीत सांगत, आणि आन्द्रेस मध्येच थांबवून म्हणत, मी असं म्हणालो नाही. मग ते रामोनचं बोलणं मला सांगत आणि तेही काकांना पटत नसे. आई ऑम्लेटात कांदा घालायची की नाही, हा वाद होता. मला एवढं कळलं की दोघांची आई एकच होती, याबद्दल तरी मतभेद नव्हता.

मग रामोन काका एकदम इंग्रजीत म्हणाले, "दुकानावर मजला कधी चढवलास?"

"कसला मजला?" आन्द्रेस म्हणाले. "मी सुटून आलो तेव्हा दुकान बंद पडलं होतं."

"कुठून सुटून?"

आन्द्रेस भावाकडे बघत राहिले. मग वळले आणि उरलेलं सगळं त्यांनी मला सांगितलं. अनोळखी माणसाला सांगणं त्यांना सोपं जात असावं. 

रामोनची बस सुटल्यावर तासाभरात दोन पोलीस दुकानात आले. दुकानातल्या गिऱ्हाइकांपैकी कोणीतरी फोटो फुटल्याचं जाऊन सांगितलं होतं, नाव मात्र सांगितलं नव्हतं. राजाचा फोटो कोणी फोडला, त्यांनी विचारलं. हातोडी निसटली, आन्द्रेस म्हणाले. राजावर? राजावर. त्यांना धरून नेलं आणि एकोणीस दिवस आत ठेवलं. ज्या खोलीत त्यांना बसवून ठेवत तिथे अधिकाऱ्याच्या डोक्यामागे नव्या राजाचा फोटो होता. तो त्याच सकाळी आन्द्रेसनेच पोचता केला होता, आणि घाईत चौकट जरा वाकडी बसली होती.

"एकोणीस दिवस मी ती वाकडी चौकट बघत होतो," ते म्हणाले. "मला तिथे दुसरा कसला त्रास आठवत नाही."

रामोन काकांनी विचारलं, मारलं का. दोन थपडा, आन्द्रेस म्हणाले, पण मारणारा जुना शाळासोबती होता, त्याने हात आखडूनच मारलं.

"माझं नाव का सांगितलं नाहीस?"

"तुला सीमेपर्यंत पोचायला एक दिवस हवा होता."

"आणि बाकीचे अठरा दिवस?"

"पहिल्या दिवसानंतर कोणी विचारलंच नाही."

सुटून आल्यावर फोटोंची ऑर्डर दुसऱ्याला गेलेली होती. राजा फोडणाऱ्या माणसाला सरकारी काम कोण देणार? दुकान बंद झालं. पुढे वीस वर्षं आन्द्रेसने दुसऱ्याच्या दुकानात लग्नाच्या फोटोंना चौकटी लावल्या, मग मुलीकडे अमेरिकेत आले. हे सगळं त्यांनी पहिल्या पत्रात लिहिलं होतं. ते परत आलं. मग आणखी चार लिहिली. तीही परत आली.

तरी तुम्ही राजाच्याच बाजूचे राहिलात? मला राहवलं नाही. आन्द्रेस म्हणाले, राहिलो. पुढे काही वर्षांनी एक अधिकारी पिस्तूल घेऊन संसदेत घुसला, तेव्हा राजा टीव्हीवर आला आणि त्याने सैन्याला घरी बसायला सांगितलं. त्या दिवशी त्यांनी राजाला एकोणीस दिवस माफ करून टाकले. नंतर त्या राजाने गादी मुलाला दिली आणि तो स्वतःच परदेशी राहायला गेला. "आमच्या गावातून इतके लोक परदेशी गेले, राजाही गेला," ते म्हणाले. "मी मात्र परत चाललोय."

रामोन काकांच्या हातातला ऑम्लेटचा तुकडा तसाच होता. राजांची, प्रजासत्ताकांची, सेनापतींची इतकी वर्षं ज्या माणसाने मला एकही तारीख न चुकता सांगितली, त्याला त्यातले एकोणीस दिवस माहीत नव्हते. त्यांनी तो तुकडा खाल्ला. मग डब्यातून दुसरा घेतला, तोही खाल्ला, तिसरा घेतला. आन्द्रेस बघत होते. मग काका भावाच्या टायकडे पाहत स्पॅनिशमध्ये काहीतरी पुटपुटले. भाषांतर कोणीच केलं नाही आणि मीही मागितलं नाही. आन्द्रेसनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि तो तिथेच राहू दिला.

आन्द्रेसची मुलगी परत आली तेव्हा दोघेही इतके शांत बसले होते की ती घाबरली. कोणाला बरं नाही का, तिने मला विचारलं. मी घड्याळ पाहिलं. अर्ध्या तासाचा तह केव्हाच मोडला होता.

परत

येताना काका खिडकीतून बाहेर बघत होते. जॉर्जिया संपेपर्यंत प्रज्ञा आरशातून त्यांच्यावर लक्ष ठेवून होती. एकदा तिने काही हवंय का असं विचारलं, तेव्हा ते म्हणाले की पाच पत्रं होती. पाचांवरही त्यांनी स्वतःच्या हाताने 'या पत्त्यावर कोणी राहत नाही' असं लिहिलं होतं.

दोन आठवड्यांनी त्यांनी दार वाजवलं. हातात पासपोर्ट होता. तिकीट कसं काढायचं ते त्यांना माहीत होतं, पण ते बटण दाबताना शेजारी कोणीतरी असावं असं त्यांना वाटत होतं. प्रज्ञा मीटिंगमध्ये होती. तिने ती मीटिंग म्यूट केली आणि येऊन बसली. माझं नागपूरचं विमान त्यांच्यानंतर दोन दिवसांनी होतं, त्यामुळे त्यांना विमानतळावर पोचवायला मीही जाऊ शकले.

आत जायच्या रांगेपाशी मी त्यांना विचारलं. विचारायला नको होतं, पण शिक्षकी सवय जात नाही. राजा तर अजून आहे, मी म्हटलं, मग शपथेचं काय?

"मी स्पेनला जात नाहीये, प्रोफेसोरा," रामोन काका म्हणाले. "भावाकडे जातोय. त्याच्या घराभोवती एक राज्य आहे, त्याला माझा इलाज नाही."